टोळी कोणाला म्हणायचं? : जुगॅलोंच्या निमित्ताने

‘जुगॅलो’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेला नसेल. अमेरिकेतल्या एका रॅप जोडीच्या चाहत्यांचं हे नाव. मुलगी असेल तर ‘जुगॅलेट’. २०११ साली अमेरिकेच्या एफबीआयने या चाहत्यांना देशातल्या गुन्हेगारी टोळ्यांवरच्या अहवालात जागा दिली. मंडळाच्या चर्चेत मी याचा ओझरता उल्लेख केला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, “गाणी ऐकणारे लोक टोळी कसे होतील?” प्रश्न साधा आहे, पण उत्तर दोन वाक्यांत मावत नाही. म्हणून हा लेख.

आधी हे लोक कोण ते पाहू. डेट्रॉइट हे मिशिगन राज्यातलं मोटारींच्या कारखान्यांचं शहर. कारखाने ओस पडत गेले आणि शहर गरीब होत गेलं. त्याच परिसरातल्या जोसेफ ब्रूस आणि जोसेफ अट्सलर या दोन मित्रांनी गाणी सुरू केली. रंगमंचावर त्यांची नावं व्हायोलंट जे आणि शॅगी टू डोप. गटाचं आधीचं नाव होतं ‘इनर सिटी पॉसी’, पुढे ते ‘इन्सेन क्लाऊन पॉसी’ झालं. दोघंही जोकरासारखे चेहरे रंगवून गातात. १९९२ साली ‘कार्निव्हल ऑफ कार्नेज’ हा त्यांचा पहिला मोठा अल्बम आला. त्यातल्या एका गाण्यावरून चाहत्यांना जुगॅलो हे नाव पडलं.

जुगॅलो ओळखायला सोपे. चेहऱ्यावर काळा-पांढरा रंग, आणि कपड्यांवर, गळ्यात किंवा गोंदणात हातात कुऱ्हाड घेऊन धावणाऱ्या माणसाचं चित्र. याला ते ‘हॅचेटमॅन’ म्हणतात. तो त्यांच्या ‘सायकोपॅथिक रेकॉर्ड्‌स’ या कंपनीचा लोगो. कार्यक्रमात फेगो नावाचा डेट्रॉइटचा स्वस्त सोडा बाटल्या हलवून गर्दीवर उडवतात. एकमेकांना ‘फॅमिली’ म्हणतात. २००० सालापासून त्यांचा मोठा वार्षिक मेळावा भरतो. आपल्याकडे नटाच्या कटआऊटवर दुधाचा अभिषेक करणारे चाहते आहेत, गणपतीत एकाच रंगाचे टी-शर्ट घालून ढोल वाजवणारी मंडळं आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे वेडेपणा दिसेल. आतल्याला आपली माणसं दिसतात. जुगॅलोंमध्ये गरीब घरांतली, शाळेत चिडवली गेलेली, कुठेच न सामावलेली मुलं पुष्कळ. त्यांना तिथे कुणी नावं ठेवत नाही, एवढंच त्यांचं मोठं आकर्षण.

आता गाण्यांबद्दल. ती सोज्वळ नाहीत. शिव्या आहेत, रक्त आहे, कुऱ्हाडी आहेत. बरीचशी गाणी ‘डार्क कार्निव्हल’ नावाच्या एका कल्पित जत्रेभोवती गुंफलेली. या जत्रेत माणसाच्या पापाचा हिशेब होतो. बायकोला मारणारा, वंशद्वेषी, लोभी अशांना तिथे भयानक शिक्षा मिळते. २००२ मध्ये ‘द रेथ : शांग्रि-ला’ या अल्बमच्या शेवटी त्यांनी उघड सांगितलं की या सगळ्या जत्रेमागे देव होता आणि चाहत्यांनी त्याच्या वाटेने जावं. गंमत अशी की १९९७ मध्ये ‘द ग्रेट मिलेन्को’ हा त्यांचा अल्बम डिस्नेच्या मालकीच्या कंपनीने बाजारात आणला आणि काही तासांत परत घेतला. त्याच महिन्यात सदर्न बॅप्टिस्ट चर्चसंघाने डिस्नेवर बहिष्कार पुकारला होता. कंपनीने त्याचा संबंध नाकारला, पण गाजावाजा व्हायचा तो झालाच.

गाणी आवडावीत असं मी कुणाला सांगत नाही. मलाही त्यातली थोडीच आवडतात. पण गाणं वाईट असणं आणि ते ऐकणारा गुन्हेगार असणं, यात अंतर आहे. २०११ मध्ये नेमकं हेच अंतर पुसलं गेलं.

एफबीआयच्या अखत्यारीत नॅशनल गँग इंटेलिजन्स सेंटर नावाचं केंद्र आहे. देशातल्या टोळ्यांचा अहवाल काढणं हे त्याचं काम. २०११ च्या अहवालात जुगॅलोंना ‘सैल बांधणीची संकरित टोळी’ म्हटलं गेलं. संकरित म्हणजे नेहमीच्या टोळीसारखा ठरलेला म्होरक्या, ठरलेला इलाखा, ठरलेले नियम नसलेली. जुगॅलोंना टोळी मानणारी चार राज्यं अहवालात दिली होती : ॲरिझोना, कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया आणि युटा. पण त्याच अहवालात असंही होतं की जुगॅलोंचे बहुतेक गुन्हे तुरळक, असंघटित आणि वैयक्तिक स्वरूपाचे असतात. मारामारी, स्वतःपुरती नशा, मोडतोड. संघटित गुन्हे करणारे गट थोडेच.

हे नीट वाचायला हवं. जुगॅलो म्हणवणाऱ्या काहींनी गुन्हे केले, गंभीरही केले. ते लपवण्याचं कारण नाही. ज्याने केले त्याला पकडा, शिक्षा करा. पण ‘काही जुगॅलोंनी टोळी केली’ आणि ‘जुगॅलो ही टोळी आहे’ या दोन वाक्यांत किती फरक आहे, हे व्याकरण शिकलेल्या कुणालाही कळेल. पहिल्या वाक्यात पोलिसांना माणसं शोधावी लागतात. दुसऱ्यात टी-शर्ट शोधला की काम झालं.

आणि तसंच झालं. पुढे कोर्टात गेलेल्या चाहत्यांच्या तक्रारी वाचल्या की शिक्का कसा चालतो ते समजतं. एक जण ट्रक चालवायचा. ट्रकवर हॅचेटमॅनचं चित्र होतं. टेनेसी राज्यात त्याला त्या चित्रामुळे थांबवून तासभर तपासणी केली. काही सापडलं नाही. दुसऱ्याला सैन्यात जायचं होतं. अंगावरचं गोंदण अडचणीचं ठरतंय म्हटल्यावर त्याने शेकडो डॉलर खर्चून त्यावर दुसरं गोंदण काढून घेतलं, तरी त्याला घेतलं नाही. तिसरा आधीच सैन्यात होता. गोंदणापायी नोकरीवर गदा येईल ही भीती त्याला लागून राहिली. चौथ्याला कॅलिफोर्नियात पोलीस पुन्हा पुन्हा अडवत, कपड्यांबद्दल विचारत. खुद्द गायकांचाही २०१२ मधला हॅलोवीनचा एक कार्यक्रम मिशिगनच्या रॉयल ओक गावात पोलिसांच्या सांगण्यावरून रद्द झाला.

जानेवारी २०१४ मध्ये दोन गायक आणि हे चार चाहते यांनी अमेरिकेच्या न्याय खात्यावर आणि एफबीआयवर दावा लावला. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनची मिशिगन शाखा त्यांच्या बाजूने उभी राहिली. त्यांची मागणी नुकसानभरपाईची नव्हती. शिक्का काढा, एवढंच म्हणणं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

खालच्या कोर्टाने २०१४ मध्ये दावा फेटाळला. कारण असं की त्रास दिला तो स्थानिक पोलिसांनी किंवा सैन्याने. एफबीआयने तर कुणाला अडवलं नाही, नुसता अहवाल लिहिला. सप्टेंबर २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने हे फिरवलं. ते म्हणालं, अहवालामुळे नाव खराब होतं आणि अहवालावर विसंबूनच बाकीचे वागतात असं हे लोक सांगतात. दावा चालवायला तेवढं पुरे. चाहत्यांना आनंद झाला. पण २०१६ मध्ये खालच्या कोर्टाने वेगळ्या मुद्द्यावर पुन्हा फेटाळला, आणि डिसेंबर २०१७ मध्ये वरच्या कोर्टानेही तो निकाल उचलून धरला. या वेळचा मुद्दा असा : सरकारी खात्याच्या ‘अंतिम कृती’लाच कोर्टात आव्हान देता येतं. ज्यातून कुणाचे हक्क किंवा बंधनं ठरतात, ती अंतिम कृती. या अहवालाने कुणावर काही बंधन घातलं नाही. स्थानिक पोलिसांनी तो मानलाच पाहिजे असंही नाही. म्हणून तो कोर्टाच्या कक्षेबाहेर.

गाठ कुठे बसली ते बघा. पोलिसाला विचारलं, “मला का थांबवलं?” तर तो एफबीआयच्या अहवालाकडे बोट दाखवतो. एफबीआयला विचारलं तर ते म्हणतात, “आम्ही फक्त माहिती दिली, थांबवलं त्याने.” दोघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत. मधल्या मध्ये माणूस लटकला. कागदाला कायद्याचं वजन नाही म्हणून कोर्ट तो खोडत नाही, आणि कागदावर सरकारी नाव आहे म्हणून रस्त्यावर तो कायद्यासारखाच चालतो. नंतरच्या अहवालांत जुगॅलोंचा उल्लेख पुन्हा आला नाही, पण जुना मागे घेतल्याचंही कुणी जाहीर केलं नाही. म्हणजे शिक्का मारायला एक परिच्छेद पुरला, आणि काढायची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही.

एकदा यादीत नाव गेलं की काय होतं, याचा एक नमुना कॅलिफोर्नियाचाच. तिथे टोळीतल्या संशयितांची ‘कॅलगँग’ नावाची संगणकीय नोंद ठेवली जाते. २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी ती तपासली. त्यात ४२ नोंदी अशा निघाल्या की नोंद करताना ती व्यक्ती एक वर्षाचीही नव्हती. आणि त्यातल्या २८ जणांपुढे कारण लिहिलेलं : टोळीत असल्याचं स्वतः कबूल केलं! पाळण्यातल्या बाळाने. चूक टंकणाऱ्याची असेल, पण ती कुणी वाचलीच नाही हे खरं दुखणं. यादी वाचायची नसते, वापरायची असते.

आता आपल्याकडे वळू. हे सगळं वाचताना मला सारखं आठवत होतं ते आपल्याच मातीतलं एक पुस्तक. बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती यांचं ‘बेरड’ हे आत्मकथन मंडळातल्या अनेकांनी वाचलं असेल. चोरी कुठेही होवो, संशय बेरडांवर, मार बेरडांना. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ही याच वेदनेतून आलं. या मागे इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आहे. आधी उत्तरेत आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नाही, जमातीत जन्मलात म्हणजे गुन्हेगार. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. अनेकांना तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये ठेवलं. अशा वसाहती चालवणाऱ्यांत मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थाही होत्या. आपल्या कॉलेजच्या अंकात हे लिहिताना ते गाळणं बरोबर नाही. त्यांनी शाळा काढल्या, काम शिकवलं, आणि शिक्काही खरा मानला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, संशय राहिला.

दोन्ही गोष्टी एकसारख्या नाहीत, हेही सांगायला हवं. जुगॅलो मनात आलं तर चेहरा धुऊ शकतो, टी-शर्ट बदलू शकतो. बेरडाच्या पोराला ती सोय नव्हती. एकाचा तासभर गेला, दुसऱ्याच्या पिढ्या गेल्या. पण शिक्का मारण्याची रीत तीच : आधी गट ठरवायचा, मग त्यातला माणूस पाहायचा. सुक्याबरोबर ओलंही जळतं अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर ओलं-सुकं वेगळं करायचा त्रासच कुणी घेत नाही.

आणि शिक्का बसतो तोही बघून बसतो. फुटबॉलच्या सामन्यानंतर दंगा करणारे प्रेक्षक कमी नाहीत, म्हणून त्या संघाचे सगळे चाहते टोळी ठरत नाहीत. कारण त्यांत वकील, डॉक्टर, आमदार असतात. जुगॅलोंच्या बाजूने बोलायला असं कुणी नव्हतं. त्यांची गाणी समीक्षक हसण्यावारी नेत, पेहराव लोकांना ओंगळ वाटे. ज्याची बाजू घेतली तर लोक आपल्यालाही हसतील, त्याच्यावर शिक्का मारणं सोपं जातं.

शेवटी त्यांनी काय केलं? १६ सप्टेंबर २०१७ ला शेकडो जुगॅलो वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकापाशी जमले. चेहरे रंगवलेले, हातात फलक, सोबत फेगो. भाषणं झाली, मोर्चा निघाला, मग गाणी झाली. नोकरी कशी गेली, मुलांचा ताबा मिळवताना हा शिक्का कसा आडवा आला, हे लोकांनी माईकवर सांगितलं. तीन महिन्यांनी निकाल विरोधात गेला. तरी ज्या देशाने त्यांना ‘टोळी’ या एका शब्दात बसवलं होतं, त्याने त्या दिवशी ट्रकवाला, आई, सैनिक अशी वेगवेगळी माणसं पाहिली.

आपल्या आसपास असे शब्द रोज वापरले जातात. ‘त्या गल्लीतली पोरं’, ‘ते हॉस्टेलवाले’, ‘ते केस वाढवून गिटार बडवणारे’. पुढच्या वेळी असं वाक्य कानावर आलं तर मी एवढंच विचारणार आहे : त्यातल्या कोणी, काय आणि कधी केलं? उत्तरात नाव आणि कृती असेल तर जरूर बोलू. नुसता गट असेल, तर त्या वाक्यावर सही करायची नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.