बृहदांत्राच्या कर्करोगावरील दुर्बिणीची शस्त्रक्रिया : मार्गांचा तुलनात्मक विचार

कोल्हापूर परिसरातील रुग्णास बृहदांत्राचा कर्करोग असल्याचे कळताच त्याचे आप्त बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो 'दुर्बिणीने होईल काय?' हा. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु दुर्बीण हे केवळ साधन होय. शस्त्रक्रियेची खरी कसोटी जखमेच्या लांबीवर नसून कर्कग्रस्त भागाबरोबर त्याच्या लसिकाग्रंथी संपूर्ण निघाल्या की नाही यावर असते. निदान बारा ग्रंथी तपासल्या गेल्याखेरीज रोगाची अवस्था विश्वासाने ठरविता येत नाही.

भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. बृहदांत्रावरील तशा शस्त्रक्रियेचे पहिले वृत्त १९९१ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. पुढे छिद्रांच्या जागीच कर्कपेशी रुजल्याची उदाहरणे प्रकाशित होऊ लागली आणि शल्यचिकित्सक साशंक झाले. ही शंका बव्हंशी दूर केली ती २००४ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीने. ४८ संस्थांतील ८७२ रुग्णांत तीन वर्षांनी रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात शेकडा १६, तर उदर उघडलेल्या गटात शेकडा १८ आढळले. दुर्बिणीच्या गटातील शेकडा २१ रुग्णांचे उदर मात्र अखेर उघडावेच लागले.

दुर्बिणीचा मार्ग स्वीकारला तरी आरंभ कोठून करावा हा वाद उरतो. पारंपरिक रीतीत आतड्याची बाहेरील बाजू प्रथम सुटी करतात व रक्तवाहिन्या शेवटी बांधतात. दुसऱ्या रीतीत मध्यभागी, रक्तवाहिन्यांच्या मुळाशी, सुरुवात होते. तेथून आंत्रबंधामागील रक्तहीन स्तर उलगडत बाहेर जातात. बाहेरील बंध शेवटपर्यंत शाबूत असल्याने आतडे आपोआप ताणलेले राहते, आणि उजव्या बाजूस लहान आतड्याचा आरंभीचा भाग, तर डाव्या बाजूस मूत्रवाहिनी वेळीच दृष्टीस पडते. दुर्बिणीला ही रीत अधिक मानवते यात संशय नाही. वाहिन्या आधी बांधल्याने पेशींचा प्रसार थांबतो, हा तिच्या बाजूने केला जाणारा दावा मात्र सावधपणे घ्यावा. १९६७ साली क्लीव्हलँड येथील टर्नबुल यांनी तो हिरिरीने मांडला होता. १९८८ मधील नेदरलँड्सच्या चाचणीत आयुर्मानात निश्चित फरक सिद्ध झाला नाही.

उजवे बृहदांत्र काढल्यावर उरलेली टोके उदराबाहेर आणून जोडावीत की आतच? बाहेर जोडणे सोपे. पण त्यासाठी आंत्रबंध ताणावा लागतो आणि छेद बहुधा मध्यरेषेवर येतो, जेथे पुढे हर्निया होण्याचा संभव अधिक. आत जोडल्यास काढलेला भाग ओटीपोटावरील आडव्या छेदातून बाहेर घेता येतो व आतड्यांची हालचाल लवकर सुरू होते. त्याला उदराच्या आत टाके घालण्याचे कसब लागते, आणि ते सरावानेच येते.

यंत्रमानवाविषयी थोडक्यात सांगता येईल. गुदाशयाच्या कर्करोगावरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४७१ रुग्णांपैकी उदर उघडावे लागण्याचे प्रमाण यंत्रमानवाच्या गटात शेकडा ८.१, तर साध्या दुर्बिणीच्या गटात १२.२ होते, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. खर्च मात्र वाढतो, हे जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्लक्षिण्याजोगे नाही.

आतडे तुंबून फुगलेल्या अवस्थेत रुग्ण आला तर दुर्बीण फिरविण्यास उदरात जागाच नसते. अशा वेळी उदर उघडण्याचा निर्णय आरंभीच घेणे हे अपयश नव्हे. उशिरा, रक्तस्राव झाल्यावर घेतलेला तोच निर्णय रुग्णास अधिक महाग पडतो.