आंबागडचे मँगनीज आणि समुद्रातील पवनचक्क्या

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील आंबागड किल्ल्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी याच तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींमुळे या किल्ल्याच्या परिसराचे सागरी पवनऊर्जेशी नाते जुळते. कारण पवनचक्कीचा मनोरा आणि समुद्रतळात रोवलेला पाया ज्या पोलादाचा असतो, त्याला मँगनीज बळकटी देते. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबी येथे ११ चक्क्यांचा पहिला सागरी प्रकल्प उभारला; भारताचे धोरण मात्र २०१५ मध्ये आले. २०३० पर्यंत ३० गिगावॅट, म्हणजे ३०,००० मेगावॅट, हे उद्दिष्ट पुढे ठरले, परंतु पाया, समुद्राखालील केबल, खास जहाजे व बंदरे यांच्या खर्चाने वीज महागते.

म्हणून जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एकूण ७,४५३ कोटी रुपयांची व्यवहार्यता तूट निधी योजना, म्हणजे प्रकल्पाचा खर्च आणि परवडणारा वीजदर यांतील तफावत भरून काढणाऱ्या साहाय्याची योजना, मंजूर केली. त्यातून गुजरात व तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांलगत प्रत्येकी ५०० मेगावॅट अपेक्षित असून महाराष्ट्राचा किनारा या टप्प्यात नाही. एकरकमी अनुदानाइतकीच दीर्घ मुदतीच्या वीजखरेदीची हमीही आवश्यक आहे, कारण तिच्याअभावी कोणताही गुंतवणूकदार समुद्रात एवढे भांडवल ओतणार नाही.