उच्चदाब वीजवाहिन्यांची कंपने व त्यांच्या अवमंदनाचे प्रतिमान

प्रस्तुत लेखात लांब व लवचीक संरचनांतील कंपनांचे अवमंदन, म्हणजे कंपनाची ऊर्जा शोषून ते शमविण्याची क्रिया, गणिती प्रतिमानात कशी मांडावी याचा विचार एका परिचित उदाहरणावरून केला आहे. अकोला जिल्ह्यात पारसच्या औष्णिक वीज केंद्राभोवतीच्या सपाट, काळ्या जमिनीच्या मुलखातून जाणाऱ्या उच्चदाब तारा आपण नित्य पाहतो. वादळात मनोरा कोसळला तर तो सर्वांना दिसतो. संथ वाऱ्याने होणारी झीज मात्र दिसत नाही. सेकंदाला 1 ते 7 मीटर वेगाचा वारा तारेच्या मागे आळीपाळीने भोवरे निर्माण करतो व तार वर-खाली थरथरते. मोकळ्या प्रदेशात वारा एकसारखा वाहत असल्याने हे कंपन तासन्‌तास टिकते आणि पकडीपाशी तारेचे पेड वाकून वाकून कालांतराने तुटतात.

400 किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर वापरल्या जाणाऱ्या ‘मूस’ या तारेचा व्यास 31.77 मिलिमीटर असतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला 3 मीटर व स्ट्राउहल अंक 0.185 धरल्यास भोवऱ्यांची वारंवारता सुमारे 17.5 हर्ट्झ येते. उलटपक्षी, 350 मीटर गाळ्यात 35 किलोन्यूटन ताणाखालील याच तारेची मूलभूत वारंवारता केवळ 0.19 हर्ट्झ आहे. म्हणजे वारा नव्वदीच्या पुढचा कंपनप्रकार जागा करतो! पहिले दोन-तीन प्रकार घेऊन अवमंदन वस्तुमान व दृढता यांच्या प्रमाणात मानण्याची पाठ्यपुस्तकी रीत सोयीची खरी, पण येथे ती निरुपयोगी ठरते.

त्याऐवजी ऊर्जासंतुलन मांडतात. वाऱ्याकडून मिळणारी शक्ती ही तारेने व डॅम्परने मिळून शोषलेल्या शक्तीइतकी ज्या आयामाला होते, तो आयाम स्थिर राहतो. तारेचे स्वतःचे अवमंदन पेडांमधील घर्षणातून येते. ते अरेषीय असून ताण वाढला की घटते. त्यामुळे हिवाळ्यातील थंड पहाटे, तार आकसून ताणलेली असताना, तिला बाह्य साहाय्याची गरज अधिक भासते.

हे साहाय्य म्हणजे विसंवाहकाजवळ लोंबणारी डंबेलसारखी दोन वजने, अर्थात 1920 च्या दशकात अमेरिकन अभियंता जॉर्ज स्टॉकब्रिज यांनी योजलेला डॅम्पर. त्याची जागा निर्णायक असते. सेकंदाला 7 मीटर वाऱ्यात वरील तार सुमारे 41 हर्ट्झने कंप पावते व दर 1.6 मीटरवर तिचा एक बिंदू निश्चल राहतो. नेमका तेथेच बसविलेला डॅम्पर त्या कंपनातील ऊर्जा जवळजवळ शोषत नाही. म्हणून तो पकडीपासून सुमारे 1.2 मीटरवर बसविणे इष्ट ठरते.