रस कोंडता येत नाही!
बीफ स्ट्यू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तापलेल्या भांड्यात मांसाचा तुकडा पडला की चर्र असा आवाज होतो. स्वयंपाक शिकवणारे बहुतेक जण इथे एक वाक्य हमखास सांगतात: मोठ्या आचेवर बाहेरून लाल करून घ्या, म्हणजे रस आत कोंडला जातो. पण तो आवाजच या वाक्याविरुद्ध साक्ष देत असतो. मांसातून पाझरलेल्या पाण्याची तापलेल्या धातूवर वाफ होते, आणि तिचाच तो आवाज असतो. रस खरोखर कोंडला गेला असता तर भांडं गप्प बसलं असतं.

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या थंडीत बीफ स्ट्यू हा घरगुती पदार्थ आहे. मांसाचे तुकडे, गाजर, बटाटा, पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं कंद), सलगम, कांदा, पाणी आणि हाताशी तीन तास, एवढीच त्याची सामग्री. लिव्हरपूलकरांना ‘स्काउझर’ हे टोपणनाव मिळालं तेही ‘स्काउस’ नावाच्या, खलाशांकडून आलेल्या अशाच एका स्ट्यूवरून. मांस परवडत नसे तेव्हा नुसत्या भाज्यांचा स्काउस होई, आणि त्याला ‘ब्लाइंड स्काउस’, म्हणजे आंधळा स्काउस म्हणत. शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी माणसंही पहिल्या हिवाळ्यात हे भांडं चुलीवर चढवून पाहतात. कृती चार ओळींची असते, तरी मांस चिवट राहतं आणि बटाट्याचा लगदा होतो. त्यामागे बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखादा गैरसमज असतो.

गैरसमज : मांस लाल करून घेतल्याने रस आत कोंडतो.

ही समजूत जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यापासून पसरली. १८४७ मध्ये त्यांनी मांसाच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिलं. मोठ्या उष्णतेने पृष्ठभागावरची प्रथिनं गोठतात आणि त्यांच्या कवचामुळे रस आतच राहतो, असा त्यांचा तर्क होता. नाव मोठं असल्यामुळे पाककृतींच्या पुस्तकांनी तो डोळे मिटून उचलला. १९३० च्या दशकात अमेरिकेत मांस शिजवण्याआधी आणि नंतर तोलून पाहण्यात आलं, तेव्हा लाल केलेल्या मांसाचं वजन न केलेल्याइतकंच किंवा थोडं अधिकच घटलेलं आढळलं. स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणारे हॅरल्ड मॅकगी यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात या समजुतीचा सविस्तर समाचार घेतला, तरी ती अजून मेलेली नाही.

मग लाल करायचंच कशाला? चवीसाठी. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे प्रथिनं आणि शर्करा यांच्यात झपाट्याने प्रक्रिया होऊन शेकडो नवे स्वाद आणि तपकिरी रंग तयार होतात. फ्रेंच संशोधक लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. पाणी १०० अंशांवर उकळतं, त्यामुळे भांड्यात पाणी ओतल्यावर ही चव मिळण्याची आशा फारशी उरत नाही. ती आधीच कमवावी लागते. तुकडे कोरडे पुसून घ्यावेत आणि थोडे थोडे परतावेत. भांडं गच्च भरलं की मांस सुटलेल्या पाण्यातच वाफवलं जातं आणि राखाडी पडतं. तळाला धरलेली तपकिरी खरवड मात्र टाकायची नाही. पेलाभर पाणी ओतून ती लाकडी उलथन्याने सोडवून घेतली की रश्श्याची निम्मी चव तिथेच जमते.

गैरसमज : मांस जितकं कोवळं आणि महाग, तितका स्ट्यू चांगला.

नेमकं उलट आहे. मुंबई-गोव्यात ज्याला ‘अंडरकट’ म्हणतात तो पाठीच्या आतला भाग जनावर फारसा वापरत नाही, म्हणून तो मऊ असतो. त्यात चिवट पडदे जवळपास नसतात. तीन तास शिजवला तर त्याचा कोरडा भुसा होतो. स्ट्यूला लागतो तो सतत राबलेला भाग: खांदा, मान, पायाची पोटरी, गाल, शेपूट. या भागांत कोलॅजेन नावाचं तंतुमय प्रथिन ठासून भरलेलं असतं. पाण्यात दीर्घकाळ मंद तापवल्यावर त्याचं जिलेटिन होतं, आणि ओठाला किंचित चिकटणारा रश्श्याचा दाटपणा येतो तो त्यातूनच. खाटकाकडचा स्वस्त तुकडा इथे मुद्दाम मागून घ्यावा.

गैरसमज : मांस पाण्यातच आहे, मग कोरडं कसं होईल? आणि आच मोठी केली की लवकर शिजेल.

साधारण ६० अंशांच्या पुढे मांसातले कोलॅजेनचे पडदे आकसतात आणि ओला टॉवेल पिळावा तसे तंतू पिळून काढतात. बाहेर कितीही पाणी असलं तरी आतला रस बाहेर येतोच. कोलॅजेन विरघळायला मात्र ७० अंशांच्या वर बराच वेळ जावा लागतो. या दोन टप्प्यांच्या मधला काळ फसवा असतो. तासाभराने तुकडा दाबून पाहिला तर तो सुरुवातीपेक्षाही कडक लागतो. ‘जास्त शिजलं वाटतं’ असं समजून कित्येक जण तिथेच गॅस बंद करतात. प्रत्यक्षात ते कमी शिजलेलं असतं. आणखी दीड-दोन तासांनी तोच तुकडा चमच्याने तुटतो, आणि पिळून गेलेल्या पाण्याची जागा जिलेटिन भरून काढतं.

खदखदत्या उकळीने तंतू अधिकच आवळतात, तुकडे आपटून विस्कटतात आणि चरबी रश्श्यात घुसळली जाऊन तो गढूळ होतो. मध्येच एखादा बुडबुडा वर यावा, इतकीच आच पुरे. म्हणजे साधारण ८५ ते ९५ अंश. ओव्हन असेल तर झाकलेलं भांडं १५० अंशांवर ठेवलं की तळाला लागण्याची भीतीही राहत नाही. चार सेंटिमीटरचे तुकडे, ते जेमतेम बुडतील इतकं पाणी, अडीच ते तीन तास.

गैरसमज : प्रेशर कुकरमध्ये केलेला स्ट्यू म्हणजे फसवणूक.

प्रेशर कुकरचा जन्मच मुळी हाडं आणि चिवट मांस मऊ करण्यासाठी झाला. फ्रेंच संशोधक दनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनमध्ये आपलं ‘डायजेस्टर’ यंत्र दाखवलं. पुढे १२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या काही सदस्यांनी त्यात शिजवलेल्या मांस-मासळीचं जेवणही केलं. कठीण हाडंसुद्धा त्यात मऊ झाल्याची नोंद त्यांच्यापैकीच एक, जॉन एव्हलिन, यांच्या रोजनिशीत आहे. पूर्ण दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांवर उकळतं, त्यामुळे कोलॅजेन तासांऐवजी अर्ध्या-पाऊण तासात विरघळतं.

अडचण शिट्ट्या मोजण्यात आहे. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडल्याची खूण. आच मोठी असेल तर दहा मिनिटांत सहा होतात, बारीक असेल तर एकही होत नाही. एक शिट्टी झाली की आच अगदी मंद करावी आणि घड्याळ लावून ३० ते ४० मिनिटं ठेवावं. दाब आपोआप उतरू द्यावा, भाज्या नंतर घालाव्यात.

गैरसमज : सगळी कंदमुळं सुरुवातीलाच घालावीत, म्हणजे चव उतरते.

तीन तासांत गाजराची खीर होते. परतताना थोडा कांदा, एखादं गाजर चवीसाठी घालावं आणि ते विरघळून जाऊ द्यावं. ताटात दिसायला हवीत ती कंदमुळं मात्र शेवटच्या ४५ मिनिटांत, मोठे तुकडे करून घालावीत.

त्यांतही भेद आहेत. उपवासाच्या यादीत बटाटा, रताळं, सुरण एका रांगेत बसतात, पण वनस्पतिशास्त्रात बटाटा म्हणजे जमिनीखालचं खोड आणि रताळं म्हणजे फुगलेलं मूळ. गाजर आणि पार्सनिप ही खरी मुळं. थंडीचा कडाका बसला की पार्सनिपमधल्या स्टार्चची साखर होते, म्हणून इंग्रज शेतकरी ते हिम पडल्यानंतर काढणं पसंत करतात. आपल्याकडची हिवाळी लाल गाजरं केशरी गाजरांपेक्षा रसाळ असतात. ती आणखी उशिरा घालावीत. पिठूळ बटाटा फुटून रस्सा दाट करतो, चिकण बटाटा आकार धरून ठेवतो. दोन्ही थोडे थोडे घातले की मैदा लावायची गरज उरत नाही.

आंबटाचं गणित मराठी स्वयंपाकघराला नवं नाही. डाळ शिजायच्या आधी चिंच घातली तर डाळ शिजता शिजत नाही, हे घरोघरी माहीत असतं. स्ट्यूत काही जण घालतात त्या टोमॅटो आणि वाइनच्या आम्लामुळेही भाज्यांच्या पेशींना जोडणारं पेक्टिन सहज सुटत नाही. रस्सा बराच आंबट असेल तर बटाट्याला दुप्पट वेळही लागू शकतो.

गैरसमज : मीठ जास्त झालं तर बटाटा ते शोषून घेतो.

आपल्याकडे याच कामासाठी आमटीत कणकेचा गोळा सोडतात. बटाटा असो की कणीक, दोन्ही खारट पाणी शोषतात, नुसतं मीठ वेचून घेत नाहीत. उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वोल्क यांनी खारट पाण्यात बटाटा शिजवून मोजमाप केलं आणि खारटपणात फरक पडत नाही असं नोंदवलं. बटाट्यानंतर आपण पाणी वाढवतो आणि श्रेय बटाट्याला देतो. रस्सा तीन तास आटणार आहे, हे लक्षात ठेवून मीठ सुरुवातीला बेतानं आणि शेवटी चाखून घालावं.

गैरसमज : शिजवताना वाइनमधलं मद्य पूर्ण उडून जातं.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मंद शिजणाऱ्या पदार्थात अर्ध्या तासानंतर सुमारे ३५ टक्के, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के मद्य शिल्लक असतं. मद्य वर्ज्य असलेला पाहुणा येणार असेल तर वाइन वगळावी. आंबटगोड चवीसाठी टोमॅटो आणि चमचाभर व्हिनेगर चालतात.

गैरसमज : रश्श्यात सगळी ताकद उतरते.

इथे पुन्हा लीबिग भेटतात. १८६५ मध्ये लंडनला त्यांच्या नावाची कंपनी निघाली आणि उरुग्वेतल्या फ्रे बेंतोस इथे मांसाचा अर्क तयार होऊ लागला. सुमारे ३० किलो मांसामागे एक किलो काळपट, दाट अर्क निघे. तो शक्तिवर्धक म्हणून खपला, पण त्यात चव भरपूर आणि प्रथिनं जेमतेम होती. त्याआधीच, १८४१ मध्ये, फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माझांदी यांच्या समितीने दाखवून दिलं होतं की नुसत्या जिलेटिनवर कुत्रीही तगत नाहीत. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतं, हे कारण पुढे कळलं. ‘पायाचं सूप प्यायलं की हाड जुळतं’ ही समजूतही याच जातकुळीची. पोटात गेलेलं कोलॅजेन पचून त्याचे घटक सुटे होतात, ते थेट हाडाला जाऊन चिकटत नाही. प्रथिनं हवीत तर रश्श्याबरोबर मांसही खावं.

गैरसमज : बीफ म्हणजे गाय, आणि ते खाणं ही परदेशी रीत.

भारतात बाजार आणि निर्यात दोन्हींत ‘बीफ’ हा शब्द म्हशीच्या मांसालाही लावतात. गोवंशाच्या मांसाच्या निर्यातीला बंदी आहे, बाहेर जातं ते म्हशीचं. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येवर बंदी होती, २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशीचं मांस त्या बंदीत नाही. ते गडद लाल असतं, चरबी पांढरी आणि कमी असते. जनावर वयस्क असेल तर तासभर जादा धरावा, बाकी वरचे सगळे नियम जसेच्या तसे लागू पडतात.

परकेपणाचं म्हणाल तर शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक चाळावं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची त्यात नोंद आहे. मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवलेल्या ‘चान्या’ही त्यात भेटतात. चिवट, स्वस्त मांस टिकवून मऊ करायचं कसब इथल्या चुलींवरही होतंच.

गैरसमज : गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवू नये, रात्रभर ओट्यावर निवू द्यावं.

हा या यादीतला सर्वांत धोक्याचा गैरसमज. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू उकळीतही जगतात, आणि मोठ्या भांड्यातला स्ट्यू तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढू लागतात. रस्सा उथळ डब्यांत वाटून घ्यावा, डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववावेत आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावेत. पुन्हा गरम करताना सणसणीत उकळी आणावी.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला की वर चरबीची पांढरी चकती गोठलेली दिसते. ती सुरीच्या टोकाने अख्खी उचलता येते. तिच्याखाली रश्श्याची थरथरती जेली असते आणि तिच्यात गाजराचे तुकडे अडकलेले असतात. भांडं मंद आचेवर ठेवलं की ती जेली पुन्हा वितळून पातळ होते. मांसात कोंडून ठेवायचा म्हणून ज्याच्यासाठी सगळा खटाटोप सांगितला जातो तो रस हाच. तो पहिल्या तासातच बाहेर पडलेला होता, आणि आता पावाबरोबर पुसून खायला तयार असतो.