आईच्या मापाचा कार्डिगन

उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आपल्या आया आणि सासवा इथल्या हवेने नव्हे, एअरकंडिशनिंगने गारठतात. बाहेर पारा नव्वदीत, आणि मॉलमध्ये, दवाखान्यात, मंडळाच्या सभागृहात मात्र त्या पदर घट्ट लपेटून बसलेल्या! मग मुलाचे जाकीट नाहीतर नातवाचा स्वेटशर्ट खांद्यावर येतो. दुकानातून कार्डिगन आणावा, तर चार फूट दहा इंच उंचीच्या बाईच्या बाह्या बोटांपुढे लोंबतात आणि डाव्या खांद्यावर पदराच्या घड्या मावत नाहीत. ‘तुम्हीच जाऊन या, मी आपली घरी बरी,’ या वाक्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

यावर उपाय म्हणजे पातळ होजिअरीच्या कापडाचा कार्डिगन घरी शिवणे. आमच्या घरी हे खाते माझ्याकडे आहे. ‘इंजिनिअरिंगची डॉक्टरेट यासाठी केलीस का?’ हे विचारून झाले आहे. माझे उत्तर एवढेच, की आपल्या गल्लीतला शिंपी तरी पुरुषच होता ना?

आधी थोडा इतिहास. कार्डिगन हे नाव ब्रिटिश सेनानी लॉर्ड कार्डिगन यांच्यावरून पडले. क्रिमियन युद्धात १८५४ साली बालाक्लावा येथे लाइट ब्रिगेडची प्रसिद्ध चढाई त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. त्याच युद्धातील सरसेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावला होता. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली रॅग्लन बाही त्यांच्या नावाने ओळखली जाते. कागदी पॅटर्न मात्र अमेरिकन. मॅसॅच्युसेट्समधील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये एकाच कपड्याचे वेगवेगळ्या मापांचे पॅटर्न विकायला सुरुवात केली.

आता कापड. मराठीत लुगडेही ‘विणतात’ आणि स्वेटरही ‘विणतात’, पण दोन्ही विणींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लुगड्यात उभे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात छेदतात, म्हणून ते ताणले जाते फक्त उरेब. होजिअरीत धाग्याचे वेढे एकमेकांत गुंफलेले असतात. कापड ओढले की धागा फारसा ताणला जात नाही. वेढ्याचा आकार बदलतो, तो रुंद आणि बुटका होतो. साधे जर्सी कापड आडवे अधिक ताणले जाते, आणि ही ताणाची बाजू नेहमी अंगाभोवती यायला हवी. उलट-सुलट ओळखायचे असेल तर आडवी कापलेली कड हलकेच ओढावी. ती ज्या बाजूला वळते ती सुलट.

कापड किती ताणले जावे हे पॅटर्नच्या पाकिटावर दिलेले असते. ४ इंच कापड सहज ५ इंचांपर्यंत ताणले जावे, असे सांगितले असेल तर तो २५ टक्के ताण झाला. ६० इंच पन्ह्याचे साधारण दोन वार कापड पुरते. मात्र कापण्याआधी ते धुऊन-वाळवून घ्यावे. जे आटायचे ते आधीच आटू दे!

पॅटर्न विकत घेताना दुकानातल्या कपड्यांचा साइज विसरावा. मोठ्या अमेरिकन पॅटर्न कंपन्यांचा १४ नंबर म्हणजे छाती ३६ इंच. तयार कपड्यांत हीच बाई ८ किंवा १० नंबर घालते. तेव्हा टेप घेऊन मोजावे, आणि आईचे माप साडी नेसलेली असतानाच घ्यावे. साडीवर घालायचा तर घट्ट मुंढ्याचा पॅटर्न टाळून रॅग्लन किंवा खांद्याखाली उतरणाऱ्या बाहीचा निवडावा. पदराला जागा मिळते. पॅटर्न संगणकावरून छापणार असाल, तर त्यावरचा चाचणीचा चौकोन आधी फुटपट्टीने मोजावा.

खरी मेख आहे ती लांबी कमी करण्यात. पॅटर्नवर दोन समांतर रेघा असतात, तिथे कागदाची घडी घालायची. बाही २ इंच आखूड हवी तर घडी १ इंचाची, कारण घडीत कागद दुप्पट जातो. खालून नुसती कात्री चालवली तर मनगटाचा निमुळता भाग नाहीसा होतो. अंगाची लांबी ३ इंच कमी केली, तर पाठ आणि पुढचे दोन्ही भाग तर बदलायचेच, पण पुढची पट्टी विसरू नये. ती एका बाजूने वर चढते, मानेमागून फिरते आणि दुसऱ्या बाजूने उतरते. म्हणून ती ६ इंच कमी व्हायला हवी. पट्टीचा कागद अर्धाच दिला असेल तर त्यावर ३ इंच. प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली की ती कुठे कुठे वापरली आहे हे शोधावे लागते, तसेच हे.

कापताना कापड टेबलाखाली लोंबू देऊ नये, ताणले जाते. शिलाईची माया पॅटर्नवर किती दिली आहे ते पाहावे; ती पाव इंचही असते आणि पाच अष्टमांशही. सुई गोलसर टोकाची, बॉलपॉइंट घ्यावी. ती धाग्यांना बाजूला सारून जाते. अणकुचीदार सुई धागा तोडते आणि तिथून भोक पडते.

साधी सरळ टीप ताण पडला की तट्कन तुटते. म्हणून झिगझॅग घालावी. पायथागोरस इथे उपयोगी पडतो. टाका २ मिलिमीटर पुढे आणि दीड मिलिमीटर बाजूला गेला, तर धागा लागतो अडीच मिलिमीटर, म्हणजे २५ टक्के शिल्लक. हिशेब ढोबळ आहे, पण कापडाच्या ताणाशी तो नेमका जुळतो! कडेच्या उभ्या शिवणीला याहून अरुंद झिगझॅग चालते. खांद्याची शिवण मात्र मुळीच ताणली जायला नको, बाह्यांचे वजन तिच्यावर असते. तिथे अरुंद सुती फीत धरून टीप मारावी.

आधी खांदे, मग बाह्या सपाट असतानाच जोडाव्यात, नंतर बाही आणि कूस एकाच टिपेत. रॅग्लनला खांद्याची शिवण बहुधा नसतेच; तिथे सुरुवात बाह्यांपासून. पट्टी शेवटी, तिचे आणि कडेचे सारखे भाग करून टाचण्या लावाव्यात, म्हणजे पुढचा भाग चुण्या पडून वर उचलला जात नाही. कापड मागून ओढू नये. तरीही शिवण लाटांसारखी झालीच, तर वाफेची इस्त्री वरून दाबून उचलावी, घासू नये.

सरावाने हे काम एका शनिवार-रविवारचे आहे. घड्या घातलेला पॅटर्न पाकिटात जपून ठेवावा आणि वर सालासकट मापे लिहावीत. पुढच्या खेपेला आई आली की टेप पुन्हा काढावी. दोन वर्षांत खांदे थोडे पुढे झुकलेले असतात, उंची अर्धा इंच कमी भरते. जुन्या मापावर विसंबून चालत नाही.