संगणकाचे घड्याळ पळवण्यापूर्वी

घरातला मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला, की एक दिवस वडिलांना सांगतो, "बाबा, आपला कॉम्प्युटर आहे त्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येतो. पैसेसुद्धा लागत नाहीत." वडिलांना आनंद होतो, कारण मुलाला यंत्राच्या आत डोकावावेसे वाटते आहे. भीतीही वाटते, कारण त्याच एका यंत्रात ताईचा एच.एस.सी.चा अभ्यास असतो, आईचे हिशेब असतात आणि गणेश चतुर्थीचे पाच-सात वर्षांचे फोटो असतात. अशा वेळी 'हो' म्हणावे की 'नाही'? दोन्ही उत्तरे घाईची आहेत. तिसरे उत्तर असे, की करावे, पण वही-पेन्सिल घेऊन, एका वेळी एकच पाऊल टाकून. कुठे थांबायचे ते आधी ठरवून मगच सुरुवात करावी.

या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. तो एका ठेक्यावर काम करतो, आणि त्या ठेक्यालाच घड्याळ म्हणण्याची पद्धत आहे. ३.६ गिगाहर्ट्झ याचा अर्थ सेकंदाला ३६० कोटी ठोके. हा वेग एका साध्या गुणाकारातून येतो. मदरबोर्डाचा पायाभूत ठेका बहुधा १०० मेगाहर्ट्झ असतो. त्याला ३६ने गुणले की ३,६०० मेगाहर्ट्झ होतात. या ३६ला गुणक म्हणू. गुणक किंवा पायाभूत ठेका वाढवला की घड्याळ पुढे पळते.

या छंदाची कीर्ती ज्या चिपने घरोघरी नेली, ती म्हणजे इंटेलची सेलेरॉन ३००ए. ती १९९८ साली बाजारात आली. पायाभूत ठेका ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. लोकांनी ठेका १०० केला आणि त्यांतल्या बऱ्याच चिपा ४५० मेगाहर्ट्झवर निमूटपणे चालू लागल्या. स्वस्त चिपेला महागड्या चिपेचा वेग मिळाला, तोही दीडपट! पन्नास टक्के फुकट, ही गोष्ट तेव्हापासून मुलांच्या डोक्यात घर करून बसली आहे.

पण ते दिवस गेले. त्या काळी कारखाना प्रत्येक चिपेत बरीच शिल्लक ताकद ठेवून ती विकत असे. आजचे प्रोसेसर ती शिल्लक स्वतःच वापरून टाकतात. अनेक घरांत असलेल्या एएमडीच्या रायझन ५ ३६०० या प्रोसेसरचे उदाहरण घेऊ. तो २०१९ साली आला. त्याचा मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ आहे, पण काम हलके असेल तर त्याचा एखादा कोअर आपणहून ४.२पर्यंत जातो. चांगला पंखा असेल तर सहाही कोअर एकदम कामाला लागल्यावरही तो ४च्या आसपास चालतो. आता आपण मोठ्या प्रयासाने सर्व कोअर ४.२वर नेऊन बसवले, तर एका तासाच्या जड कामाला सुमारे ५७ मिनिटे लागतील. तीन मिनिटे वाचली. आणि जर ४.१वरच थांबावे लागले, तर जे काम एकाच कोअरवर चालते ते पूर्वीपेक्षा किंचित सावकाश होईल, कारण आपोआप ४.२ गाठण्याची त्याची सोय आपणच बंद केलेली असते. हा हिशेब मुलाला आधी कागदावर मांडायला सांगावा. निम्मा उतावळेपणा तिथेच शमतो.

उष्णतेचे गणित

वेग वाढवला की एका मर्यादेनंतर प्रोसेसरला जास्त व्होल्टेज लागते. वीज किती खर्च होते, ते वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे ३३ टक्के जास्त वीज. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. दहा टक्क्यांच्या वेगासाठी तेहतीस टक्के उष्णता, हा व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे. शिवाय उष्णता आणि व्होल्टेज यांच्या जोडीने चिपेतल्या सूक्ष्म तारांचे धातूकण हळूहळू जागा सोडतात. तशी झीज एका दिवसात दिसत नाही, पण दिसली की भरून येत नाही.

जास्त व्होल्टेज ही केवळ हौशी मंडळींची अडचण नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा कंपनीने जुलै २०२४मध्ये जाहीर केले, की प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीतील दोषामुळे वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जात होते. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मात्र झालेले नुकसान त्या दुरुस्तीने परत फिरत नाही. ज्यांनी चिप बनवली त्यांनाही हा धडा मिळाला, मग आपण तर नवशिके.

आपल्या बेटावर हवामानाचाही विचार हवा. पंखा चिपेला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली पाच अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच तापते. क्यूरपीपला जुलैच्या संध्याकाळी जो वेग निर्धोक वाटतो, तोच पोर्ट लुईला जानेवारीच्या दुपारी संगणक बंद पाडू शकतो. म्हणून चाचणी घ्यायची ती उन्हाळ्यातल्या भर दुपारी घ्यावी. थंडीत घेतलीच, तर उन्हाळ्यासाठी दहा अंशांची जागा राखून ठेवावी. समुद्राजवळच्या घरांत पंख्यावर ओलसर धूळ चिकटते; ती आधी मऊ ब्रशने साफ करावी. नुसत्या सफाईने आणि जुनी थर्मल पेस्ट बदलल्याने तापमान उतरले, तर प्रोसेसर आपोआपच थोडा वेगाने चालू लागतो. हे खरे फुकटचे!

सुरुवात कशी करावी

पहिली गोष्ट, लॅपटॉपवर हा प्रयोग करू नये. त्यात हवा खेळायला जागा नसते. डेस्कटॉप असला तरी प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघांनीही परवानगी दिलेली असावी लागते. इंटेलमध्ये साधारणपणे नावाच्या शेवटी 'के' अक्षर असलेल्या चिपांचाच गुणक मोकळा असतो. रायझनचा मोकळा असतो, पण ए३२० जातीच्या मदरबोर्डावर तो बदलता येत नाही, बी४५०वर येतो. ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान कंपनीच्या हमीत बसत नाही, हेही घरात सर्वांना माहीत असावे.

दुसरी गोष्ट, सगळ्या फाइली आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. अस्थिर प्रोसेसर नेहमी बंदच पडतो असे नाही. कधी तो चालू राहून चुकीचे उत्तर लिहितो, आणि बिघडलेली फाइल सहा महिन्यांनी उघडताना कळते. खरा धोका हा आहे. चिप पुन्हा विकत मिळेल, आजीचा फोटो मिळणार नाही.

तिसरी गोष्ट, काहीही न बदलता आधी आहे तशी स्थिती वहीत लिहावी. खोलीचे तापमान, रिकाम्या वेळी प्रोसेसरचे तापमान, अर्धा तास जड काम दिल्यावरचे तापमान, आणि सिनेबेंचसारख्या चाचणीत मिळालेले गुण. रायझन ५ ३६००ची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सियस आहे. नवशिक्याने स्वतःची मर्यादा ८०ला आखावी. सोबत मिळालेल्या छोट्या पंख्यावर, काही न करताच, तापमान ८०च्या घरात जात असेल, तर पुढे जायला जागाच उरलेली नाही. मोठा कूलर येईपर्यंत प्रयोग थांबवावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ते हेच.

आता संगणक सुरू होताना 'डिलीट' कळ दाबून बायोसमध्ये जावे. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नये, कारण काही मदरबोर्ड सावधगिरी म्हणून गरजेपेक्षा जास्त देतात. ते १.२५ व्होल्टवर पक्के करावे आणि गुणक ४० ठेवावा. मग वाढ करायची ती पाव गुणकाची, म्हणजे २५ मेगाहर्ट्झची. प्रत्येक पावलानंतर दहा-पंधरा मिनिटांची चाचणी आणि वहीत एक ओळ. गुणक आणि व्होल्टेज एकाच वेळी बदलू नयेत. बिघाड झाला तर कशामुळे झाला ते कळणार नाही. शाळेत विज्ञानाच्या प्रयोगाला जो नियम, तोच इथे.

चाचणीसाठी प्राइम९५ नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध आहे. तो मुळात मर्सेन मूळ संख्या शोधण्याच्या, १९९६ साली सुरू झालेल्या प्रकल्पाचा आहे. चाचणीतल्या आकडेमोडीची उत्तरे त्याला आधीच ठाऊक असतात, म्हणून एक जरी आकडा चुकला तरी तो तत्काळ सांगतो. चूक आली, पडदा निळा झाला किंवा तापमान ८०च्या पुढे गेले, की दोन पावले मागे यावे. व्होल्टेज वाढवून रेटत बसू नये, १.३० ही आपली वेस समजावी. शेवटी ठरलेल्या वेगावर काही तास अखंड चाचणी घ्यावी आणि मगच त्यावर अभ्यासाचे काम करावे.

संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नये. वीज पूर्ण काढून, मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटे काढून ठेवला की बायोस बहुधा मूळ स्थितीत येते. मात्र चक्रीवादळाच्या इशाऱ्याच्या दिवसांत, वीज जाण्याची शक्यता असताना, बायोसची नवी आवृत्ती चढवण्याच्या भानगडीत पडू नये. ते काम अर्धवट राहिले तर मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असते.

आता कोणी विचारील, तीन मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला? केवळ वेगच हवा असेल, तर खरोखर करू नये. जुन्या संगणकात फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर घरातल्या सर्वांना फरक जाणवेल. पण मुलाला यंत्र समजून घ्यायचे असेल, तर जरूर करू द्यावे. मर्यादा कुठे आहे ते मोजून शोधणे, आणि ती सापडल्यावर दोन पावले मागे येणे, हे पंधराव्या वर्षी शिकायला मिळाले तर थोडे नव्हे. वहीच्या शेवटच्या ओळीत त्याने स्वतःच्या हाताने लिहावे, की किती मिळाले, किती उष्णता मोजली आणि हे ठेवायचे की मूळ वेगावर परत जायचे. आकडे समोर ठेवून तो मूळ वेगावर परत गेला, तरी प्रयोग यशस्वी झाला असेच समजावे.