गाव सुटलं तरी उपचार सुटू नयेत

पावसाने दगा दिला की पैठण, कन्नड, वैजापूर भागातून माणसं बाहेर पडतात. कुणी उचल घेऊन ऊसतोडीला जातं, कुणी वाळूजच्या कंपन्यांत, कुणी पुण्याला नाहीतर भिवंडीला. आपल्या घरांतलेही लोक त्यात आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये तर याच दुष्काळी मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिकं गेली.

कायदा या माणसांना काय म्हणतो? मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितलं की, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ खालचा हक्क आहे. पण दुष्काळामुळे गाव सोडणाऱ्यासाठी वेगळा कायदा अजून नाही. स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा आणि त्याच्या जागी आलेली २०२० ची संहिता, दोन्हींत राज्याची हद्द ओलांडणाराच मोजला जातो. कन्नडहून कोल्हापूरला गेलेला मजूर त्यात बसत नाही.

याचा फटका आजारपणात बसतो. टीबीचं नेहमीचं औषध सहा महिने चालतं आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. मध्येच गोळ्या सुटल्या तर आजार उलटतो, औषधांनाही दाद देत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगा. सरकारच्या ‘निक्षय’ पोर्टलवरून रुग्णाची नोंद नव्या ठिकाणी पाठवता येते.

दुसरी सोय ‘आभा’ क्रमांकाची. हा १४ अंकी क्रमांक असला की तपासण्यांचे रिपोर्ट मोबाईलवर जोडून ठेवता येतात. मात्र आभा म्हणजे मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे. ते वेगळं. आभा ऐच्छिक आहे; ती नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

आणि संमती? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्यानुसार माहिती कशासाठी हवी हे आधी सांगावं लागतं, आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. म्हणून मुकादमाला किंवा एजंटाला ओटीपी देऊ नका.

आधारवर ‘मोहम्मद’ आणि दवाखान्याच्या कागदावर ‘मो.’ असेल तर नोंदी जोडताना अडचण येऊ शकते. नाव आधीच सारखं करून घ्या. माता-बाल कार्ड आणि औषधाची चिठ्ठी यांचे फोटो काढा, मूळ कागदही सोबत ठेवा. मोबाईल बंद पडतो, कागद कामाला येतो.